वीटभट्ट्या ते पूल

१

दोन शहरांमधलं अंतर किती, असं कुणी तिकीट खिडकीवर विचारलं की आतला कारकून मान वर न करता सांगायचा, "तेरा तास." किलोमीटर कुणी विचारत नसे, आणि विचारले असते तरी त्याला ते सांगता आले नसते. पूर्वी तो "चौदा तास" म्हणायचा. मधला एक तास मालकांनी कमी केला होता. म्हणजे हुकूम मालकांनी सोडला होता. तास कमी केला तो भाऊजींनी आणि त्यांच्या मेहुण्यानं.

गाडीवर हे दोघेच. क्लीनर ठेवणं मालकांनी कधीच बंद केलं होतं. मेहुणा भाऊजी म्हणतो म्हणून आधी मेकॅनिक त्यांना भाऊजी म्हणू लागला, मग कारकून, मग खुद्द मालक. "एवढ्या सगळ्यांच्या बहिणींशी मी लग्नं लावली तरी कधी?" असं भाऊजी विचारायचे. हे बायकोच्या कानावर गेलं तेव्हा ती म्हणाली, "एकीच्या वाट्याला तरी कुठे आलात?" तेही खरंच होतं. माणूस आठवड्यातले चार दिवस रस्त्यावर.

गाडी पहाटे सुटायची आणि संध्याकाळी पोचायची. पहिला अर्धा रस्ता भाऊजींचा, पुढचा मेहुण्याचा; परतताना उलट. निम्म्या वाटेवर वीटभट्ट्या लागतात. त्यांची उंच धुराडी दिसली की पूर्वी गाडी थांबवून ड्रायव्हर बदलायचे. पण गाडी थांबली की सगळं जग खाली उतरतं. एकाला संडासला जायचं असतं, एकाचा चहा गरम असतो, एकजण फोन लावून झाडाखाली हरवतो. मग या दोघांनी चालत्या गाडीत बदली करायची युक्ती काढली. मालकांना ती ठाऊक होती आणि ठाऊक नव्हतीसुद्धा.

युक्ती अशी. मागून येणारा चालवणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवतो. चालवणारा एका हातानं स्टिअरिंग धरून डावीकडे सरकतो, येणारा सीटच्या कडेनं आत शिरतो आणि म्हणतो, "घेतली." मग पहिल्यानं हात सोडायचा आणि गाडीच्या शेपटाकडे झोपायला जायचं. तिथे पडदे लावलेले दोन फळ्यांचे बिछाने होते. खालचा भाऊजींचा, कारण गुडघे, वरचा मेहुण्याचा. मेहुण्याला उजेडात झोप येत नसे म्हणून वरचा पडदा कायम ओढलेला.

या सगळ्यात डोळे रस्त्यावरच ठेवायचे. एकमेकांच्या तोंडाकडे कुणी बघत नसे. घरचाच माणूस, त्याचं तोंड काय बघायचं?

२

या गाडीला महिन्यातून दोनदा एक शिक्षिकाबाई असायच्या. पलीकडच्या शहरात त्यांची आई अंथरुणाला खिळली होती. बसायच्या नेहमी पहिल्या बाकावर. कौतुक करण्याच्या बाबतीत बाई फार कंजूष, त्यामुळे त्या दिवशी उतरताना त्या थांबल्या तेव्हा भाऊजींना वाटलं, आता तक्रार येणार.

"एक विचारू? पुलाच्या आधीचा तो सपाट पट्टा तुमच्यापैकी कोण चालवतं?"

"का हो बाई?"

"किती अलगद! माझ्या हातात पाण्यानं भरलेला पेला होता, थेंब हलला नाही. वीटभट्ट्यांपर्यंत मात्र तुम्ही हाडं खिळखिळी करता. राग मानू नका."

"तो पट्टा मेहुण्याचा," भाऊजी म्हणाले. मेहुण्याचं कौतुक त्याच्या तोंडावर करायचं नाही हा त्यांचा जुना नियम होता, पण त्या दिवशी त्यांनी तो मोडला. संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्यांनी ते सगळं रंगवून सांगितलं.

मेहुण्यानं कप खाली ठेवला. "भाऊजी, तो पट्टा माझा कुठला? तुम्ही मला गाडी देता ती पूल संपल्यावर."

"डोकं ठिकाणावर आहे का? मी वीटभट्ट्यांपाशी देतो. धुराडी डाव्या हाताला असतात."

"अहो, मी बसतो तेव्हा पूल मागच्या आरशात असतो!"

दोघंही आधी हसले. मेहुणा म्हणाला, "झोपेत चालवताय तुम्ही," आणि भाऊजी म्हणाले, "झोपेत तू उठतोस." वीटभट्ट्यांपासून पुलापर्यंतचा रस्ता चांगला तासाभराचा आहे, हे चहाचे पैसे देताना भाऊजींच्या लक्षात आलं.

३

त्या शहरात कंपनीनं दोघांना एक खोली दिली होती. दोन खाटा, एक खिडकी आणि काही केल्या न थांबणारा एक नळ. जेवण झाल्यावर भाऊजी खाटेवर बसून बराच वेळ त्या नळाचं ठिबकणं ऐकत राहिले. मग म्हणाले, "परत येताना तू मला कुठे देतोस?"

"पूल यायच्या आधी."

"मी घेतो तेव्हा धुराडी समोर दिसत असतात."

म्हणजे जातानाही तेच आणि येतानाही तेच. मेहुणा उठून बसला. तसा तो बोलघेवडा माणूस, शांत बसणं म्हणजे त्याला शिक्षा. पण आता तो नुसता बोटांवर खेपा मोजत होता.

"तू पूल शेवटचा कधी चालवलास?" भाऊजींनी विचारलं.

मेहुण्यानं आठवून पाहिलं. नदी आठवली, पुलाचे कठडे आठवले, पण ते सगळं चौदा तासांच्या काळातलं. भाऊजींचंही तसंच. गेल्या कित्येक महिन्यांत दोघांपैकी एकालाही त्या पुलावर गाडी घातल्याचं आठवत नव्हतं, आणि गाडी तर दर खेपेला नदी ओलांडत होती.

"रोजच्या रस्त्यावर असं होतं," भाऊजी म्हणाले. "हात चालवतात, डोकं भलतीकडेच असतं. घरी पोचल्यावर आठवत नाही मध्ये सिग्नल लागला की नाही."

"एकाचं होईल. दोघांचं? रोज? तेही तेवढ्याच पट्ट्यात?"

भाऊजी उठून नळ पिळून आले. मेहुणा चाचरत म्हणाला, "एक विचारायचं राहूनच जात होतं. तुम्ही आतला आरसा एवढा खाली का वाकवता? मी बसलो की मला रस्ता दिसतच नाही. पहिल्या बाकावरची माणसं दिसतात. नुसते त्यांचे चेहरे."

"मी आरशाला हात लावत नाही."

"मला वाटलंच," मेहुणा म्हणाला आणि त्यानं उठून दाराची कडी पुन्हा एकदा तपासली.

४

तेवढ्यात भाऊजींचा फोन वाजला. बायको होती आणि खुशीत होती. जावयाची या शहरात बदली होऊन चार महिने झाले होते. घर मिळेना म्हणून मुलगी बाळाला घेऊन आईवडिलांकडे राहिली होती. आता घर मिळालं होतं. जावयानं पडदेसुद्धा लावले होते.

"पुढच्या खेपेला तुमच्याच गाडीतून पाठवते तिला. पहिल्या बाकावरच्या दोन्ही सीट कारकुनाला सांगून ठेवल्यात. तुमच्या डोळ्यांसमोर राहतील दोघं."

भाऊजींनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "एवढी घाई काय आहे? पुढच्या महिन्यात रेल्वेनं..."

"रेल्वेनं? बाप गाडी चालवतो, मामा गाडी चालवतो, आणि पोर सहा महिन्यांचं लेकरू घेऊन रेल्वेत धक्के खाणार? काही झालंय का?"

काय झालंय ते सांगायचं तर कसं सांगायचं? की तासभर आपली गाडी कोण चालवतं ते आपल्याला माहीत नाही? बायको आधी त्यांचं तोंड हुंगायला सांगेल भावाला. मालकाला सांगावं तर तो दोघांना घरी बसवून दुसरी जोडी शोधेल. भाऊजी म्हणाले, "नाही, काही नाही. पाठव."

फोन ठेवल्यावर त्यांनी मेहुण्याकडे पाहिलं. भाचीचा मेहुण्याला फार लळा. लहानपणी ती त्याच्या खांद्यावरून उतरत नसे.

"सोपं आहे," मेहुणा म्हणाला. "चालत्या गाडीत बदली बंद. गाडी थांबवायची, समोरासमोर उभं राहायचं, तोंड बघायचं, मगच जागा सोडायची. उशीर झाला तर मालकाला माझ्या नावानं खडे फोडू दे."

५

दुसऱ्या दिवशी परतताना त्यांनी तसंच केलं. पूल लांबवर दिसू लागताच मेहुण्यानं गाडी कडेला घेतली. दोघं समोरासमोर उभे राहिले आणि वेड्यासारखे एकमेकांकडे बघत बसले. मेहुण्याची दाढी दोन दिवसांची होती, नाकाच्या शेंड्यावर पुळी होती. "ओळख पटली का साहेब?" त्यानं विचारलं, तेव्हा भाऊजींना इतक्या तासांत पहिल्यांदा हसू आलं.

पुलावर त्यांनी स्वतः गाडी घातली. खाली रुंद, संथ पाणी होतं, एक होडी होती. पूल संपला, मग सपाट माळ, मग धुराडी. एकेक मैल त्यांनी डोळ्यांनी मोजून घेतला. काही म्हणजे काही झालं नाही. फक्त प्रवासी कुरकुरले, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "ड्रायव्हर, खड्डे चुकवा की!"

ती कुरकुर भाऊजींना गोड वाटली. साप साप म्हणून आपण भुई धोपटत होतो, एवढंच, असं त्यांनी स्वतःला बजावलं. दोन दमलेली माणसं, एकसुरी रस्ता, दुसरं काय? तरी घरी पोचल्यावर बायकोनं पाणी दिलं तेव्हा त्यांना तो पेला जरा हलवून बघावासा वाटला.

६

मुलगी गाडीत चढली ती सहा महिन्यांचं बाळ, तीन पिशव्या आणि आईच्या हजार सूचना घेऊन. तिला घरात सगळे बबडी म्हणत आणि आई झाली तरी ते नाव काही सुटलं नव्हतं. बाळाची दुधाची पिशवी भाऊजींनी मागे नेऊन स्वतःच्या बिछान्यावर ठेवली, कारण पुढे पाय ठेवायला जागा नव्हती. मेहुण्यानं बाळाच्या पोटावर नाक घासलं, भाचीच्या टपलीत मारली आणि वर चढून पडदा ओढून घेतला.

सकाळ छान गेली. बबडी मागून बडबडत होती. नवीन घराला बाल्कनी आहे, नवऱ्यानं पडद्यांचा रंग भयंकर निवडलाय, बाळाला आता आवाज ओळखता येतात. "तुमचा आवाज ऐकला की लगेच मान वळवतो बघा," ती म्हणाली, आणि भाऊजींनी रस्त्यावरची नजर न काढता "होय रे लबाडा?" असं म्हटलं. मागून खिदळणं ऐकू आलं.

धुराडी दिसली तशी त्यांनी गाडी कडेला घेतली. ठरल्याप्रमाणे उठले, केबिनच्या तोंडाशी उभे राहिले आणि हाक मारली, "ये रे!" दुपारचं ऊन काचांतून भसाभस आत येत होतं. मागून मेहुणा आला. डोक्यावरून ओला टॉवेल घेतलेला, तोंड पुसत. नुकतंच तोंड धुतलं असणार. भाऊजी टॉवेल खाली यायची वाट बघत होते.

"बाबा!" बबडी ओरडली. बाळ सीटवरून घसरत होतं. भाऊजींनी झटक्यात वळून त्याला उचललं, तिच्या मांडीवर नीट ठेवलं, गालाला हात लावला. ते पुन्हा वळले तोवर मेहुणा जागेवर बसला होता. टोपी घातलेली, नजर रस्त्यावर.

"घेतली," तो म्हणाला, आणि गाडी हलली.

भाऊजी मागे गेले नाहीत. ड्रायव्हरशेजारची घडीची सीट उघडून ते तिथेच बसले. आज पूल येईपर्यंत जागचं हलायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

पण दुसरा चालवत असताना शेजारी बसलेला ड्रायव्हर कुठे बघतो? रस्त्याकडेच. गाडी दुसऱ्याच्या हातात आणि ब्रेक दाबायला पाय आपला शिवशिवतो. भाऊजी खड्डे बघत होते, समोरचा ट्रक बघत होते. शेजारच्या खिडकीतून ऊन असं येत होतं की मेहुण्याकडे वळलं तर टोपीची नुसती काळी कड दिसायची.

"पुढे रस्ता खचलाय, हळू घे."

"माहीत आहे."

"बोलत का नाहीस आज?"

"रस्ता बघू दे."

हे तर आपलंच वाक्य, भाऊजींना वाटलं. मेहुण्याला हजारदा सुनावलेलं. घाबरलाय बिचारा, म्हणून गप्प आहे. आणि चालवत मात्र होता सुरेख. खचलेला भाग आला आणि गेला, पण चाकाखाली काही असल्याचं जाणवलंही नाही. गाडीत सगळे पेंगू लागले. मागे बबडीचीही मान कलली. भाऊजींच्या पापण्या जड झाल्या आणि त्यांना आपल्या संशयाची लाज वाटू लागली. एवढा गुणी पोरगा, आणि आपण त्याला कधी शाबास म्हटलं नाही.

७

बाळाच्या रडण्यानं त्यांना जाग आली. म्हणजे डोळा लागला होता! त्यांनी दचकून शेजारी पाहिलं. टोपी तिथेच होती, हात स्टिअरिंगवर. लांब पुलाचे कठडे दिसत होते. बबडी अजून झोपेत होती आणि बाळ तिच्या मांडीवर मुठी चोखत कुरकुरत होतं. भूक लागली असणार. तिला कशाला उठवायचं, म्हणून भाऊजी दूध आणायला मागे निघाले. पूल आलाच होता. दोन मिनिटांचं तर काम.

बाकं धरत धरत ते शेपटापर्यंत गेले. पिशवी खालच्या बिछान्यावर होती, तशीच. ती उचलायला ते वाकले आणि डोक्यावर त्यांना घोरणं ऐकू आलं.

ते घोरणं त्यांना पाठ होतं. आधी शिट्टी, मग घशात कुणी खुर्ची ओढल्यासारखा आवाज. बायको म्हणायची, लहानपणी यामुळेच त्याला वेगळ्या खोलीत झोपवायचे. भाऊजी वाकलेले होते तसेच राहिले. त्यांच्या मनानं धडपडून कारणं शोधली. कुणी प्रवासी चढला असेल वर. कुणी दमलेला.

त्यांनी पडदा बाजूला केला. मेहुणा पालथा झोपला होता, गालावर उशीच्या वळ्या उमटल्या होत्या, दाढी वाढलेली, नाकावर तीच पुळी. टॉवेल कोरडा, घडी घालून उशाशी.

तोंड पाहिलंच नव्हतं, हे भाऊजींना तेव्हा उमगलं. एवढं ठरवून, एवढं थांबून, शेवटच्या क्षणी आपण मान वळवली, आणि मग तासभर सवयीनं रस्ता बघत बसलो. त्यांनी मेहुण्याला गदागदा हलवलं. त्यानं डोळे उघडले, भाऊजींना पाहिलं आणि झोपेतच विचारलं, "तुम्ही इथे, मग..." आणि मान उचलून केबिनकडे बघितलं.

चाकांचा आवाज बदलला. गाडी पुलावर चढली होती.

"बबडे," पुढून हाक आली. "अगं, नदी आली. दे त्याला इकडे, दाखवतो."

तो आवाज भाऊजींचा होता. हाक मारताना शेवटी जरा ओढायची लकबसुद्धा त्यांचीच. भाऊजींचं स्वतःचं तोंड मिटलेलं होतं आणि उघडायचं म्हटलं तरी उघडेना. लांबलचक गाडीच्या त्या टोकाला बबडी डोळे चोळत उठली. बाळानं आवाजाकडे मान वळवली आणि खिदळलं. तिनं त्याला दोन्ही हातांत उचललं आणि केबिनमध्ये वाकली.

"सांभाळून हं बाबा. वळवळतो फार."

भाऊजी धावले. वाटेत पाय होते, पिशव्या होत्या, पेंगणाऱ्या माणसांची डोकी होती, आणि गाडी इतकी अलगद चालली होती की एकजणही जागा होत नव्हता. बाळाला घ्यायला सीटवरून मागे एक हात येताना त्यांना दिसला. खाकी बाही, मनगटावर बटण. बाही संपली, तरी हात येतच राहिला.

"बबडे!" भाऊजी ओरडले.

ती वळली. गाडीच्या मध्यावर उभ्या असलेल्या बापाला बघून ती आधी हसली. मग तिनं केबिनकडे पाहिलं, पुन्हा बापाकडे पाहिलं, आणि ते हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. तिचे दोन्ही हात रिकामे होते.